इंग्रजी नकारार्थी प्रश्न आणि मराठी होकार

परकी भाषा शिकूं लागलेल्या माणसास भय वाटतें तें अवघड शब्दांचें. लांबलचक शब्द दिसला कीं तो कोश उघडतो, अक्षरें घोकतो, उच्चार कोणास तरी विचारून घेतो. आणि एवढी दक्षता घेतल्यामुळें तसल्या शब्दाकडून त्याची फसगत सहसा होत नाहीं. फसगत होते ती पहिल्या आठवड्यांत पाठ झालेल्या आणि पुढें पुन्हां कधींहि न तपासलेल्या शब्दांकडून. इंग्रजींतील ‘येस’ आणि ‘नो’ हे असे दोन शब्द आहेत. ‘येस’ म्हणजे होय आणि ‘नो’ म्हणजे नाहीं, हा धडा महाराष्ट्रांतील प्रत्येक मुलास इंग्रजीच्या आरंभींच मिळतो. साध्या प्रश्नांपुरता तो बिनचूक आहे. प्रश्नांत नकार शिरला कीं मात्र तो धडा शिकणाऱ्यास सोडून जातो, आणि सोडून गेला आहे हें त्यास कळतहि नाहीं.

अशी कल्पना करावी कीं, नाशिकचें एक वयस्क दांपत्य अमेरिकेंत नोकरीस असलेल्या मुलाकडे चार महिने राहावयास गेलें आहे. आजोबांचा घसा सुजला, ताप भरला, म्हणून सून त्यांना दवाखान्यांत घेऊन गेली. ती नांव नोंदविण्यासाठीं खिडकीशीं उभी असतां परिचारिका आजोबांना आंत नेते व औषध देण्यापूर्वीं विचारते, ‘यू आर नॉट ॲलर्जिक टु पेनिसिलिन, आर यू?’ आजोबांना इंग्रजी चांगलें समजतें. आयुष्यभर कचेरीचा पत्रव्यवहार त्यांनीं त्याच भाषेंत केलेला. पेनिसिलिन त्यांना कधीं बाधलेलें नाहीं. ते मान हलवितात व म्हणतात, ‘येस.’ त्यांच्या मनांतला अर्थ असा कीं, ‘होय, आपण म्हणतां तें बरोबर आहे, बाधत नाहीं.’ परिचारिका कागदावर लिहिते : पेनिसिलिन बाधतें. एवढ्यानें फारसें बिघडलें नाहीं. दुसरें औषध मिळेल. परंतु हीच गोष्ट उलट घडली तर? पेनिसिलिन ज्यास खरोखर बाधतें असा एखादा गृहस्थ त्याच प्रश्नास घाईघाईनें ‘नो, नो’ म्हणाला, आणि त्याच्या मनांत ‘छे छे, तसें नाहीं, मला तें बाधतें’ असें असलें, तर कागदावर नेमकें उलट लिहिलें जाईल. पेनिसिलिनची तीव्र बाधा प्राणावर बेतूं शकते, हें डॉक्टरांस सांगावयास नको.

यांत त्या गृहस्थांच्या इंग्रजीचा दोष म्हणावा तर तो व्याकरणाच्या परीक्षेंत सांपडणारा नव्हे. आणि परिचारिकेच्या कानांचा तर मुळींच नव्हे. दोघेंहि आपापल्या भाषेच्या रीतीनें चाललीं आहेत. मराठींत कोणी विचारलें, ‘तूं अजून जेवला नाहींस?’ तर न जेवलेला मनुष्य ‘हो, अजून जेवायचा आहें’ असें म्हणूं शकतो. हा ‘हो’ जेवणाला उद्देशून नाहीं, विचारणाराला उद्देशून आहे : तुझा तर्क खरा. इंग्रजी ‘येस’ विचारणाराकडे पाहात नाहीं. त्याची दृष्टि त्याच्या मागून येणाऱ्या क्रियापदावर असते. जेवण झालें असेल तर ‘येस, आय हॅव’. झालें नसेल तर ‘नो, आय हॅवन्ट’. प्रश्न ‘हॅव यू ईटन?’ असा सरळ असो, ‘हॅवन्ट यू ईटन?’ असा नकारार्थी असो, किंवा ‘यू हॅवन्ट ईटन, हॅव यू?’ असा शेपटीचा असो, उत्तर तेंच राहतें. प्रश्नांतील ‘नॉट’ उत्तर देतांना जणूं झांकून ठेवावयाचा. लिहिण्याच्या व नीटस बोलण्याच्या इंग्रजींत ‘येस’पुढें नकारार्थी क्रियापद येत नाहीं आणि ‘नो’पुढें होकारार्थी येत नाहीं.

मराठीचा प्रकार मात्र सांगितला जातो तितका सरळ नाहीं. ‘इंग्रज नाहीं म्हणतो तेथें मराठी मनुष्य हो म्हणतो’ एवढें सांगून भागत नाहीं. ‘जेवला नाहींस?’ या प्रश्नास कोणी नुसतें ‘नाहीं’ म्हटलें तरी त्याचा अर्थ ‘जेवलों नाहीं’ असाच होतो, आणि तेथें मराठी व इंग्रजी एकमेकींशीं जुळतात. संदिग्ध असतो तो एकटा ‘हो’. शिवाय ‘ते तुमचे मामा नव्हेत का?’ या प्रश्नाचा आकार नकाराचा असला तरी विचारणाराचा कौल होकाराकडे असतो. म्हणून तेथें ‘हो’ म्हणजे मामाच. एकाच आकाराच्या दोन प्रश्नांस दिलेला एकच ‘हो’ एकदां नकाराच्या बाजूस बसतो, एकदां होकाराच्या. तो प्रश्नाच्या शब्दांशीं मिळत नाहीं, विचारणाराच्या मनांतील अपेक्षेशीं मिळतो. आणि अपेक्षा कागदावर उमटत नाहीं, ती आवाजांत असते, भुवईंत असते. घरांत समोरासमोर बोलतांना यामुळें कोणाचें कांहीं अडत नाहीं. दूरध्वनीवर, साक्षींत किंवा परक्या भाषेंत तोच ‘हो’ नेला म्हणजे अडतें.

आणि अपेक्षा खोडून काढावयाची असली म्हणजे मराठी मनुष्य काय करतो? तो ‘हो’हि म्हणत नाहीं आणि बहुधा ‘नाहीं’हि म्हणत नाहीं. ‘जेवला नाहींस?’ ‘जेवलों कीं!’ ‘घरीं कोणी नाहीं वाटतें?’ ‘आहेत कीं!’ क्रियापदाला चिकटून येणारा हा इवलासा ‘कीं’ फार मोलाचा आहे. व्याकरणाच्या पुस्तकांत तो एखाद्या ओळींत उरकला जातो, परंतु त्याच्या एका उच्चारानें नकारार्थी प्रश्नांतील सगळा घोटाळा मिटतो. फ्रेंच लोकांनीं या कामासाठीं ‘सी’ आणि जर्मनांनीं ‘डोख’ असा स्वतंत्र शब्द राखून ठेवला आहे. सरळ प्रश्नास फ्रेंच मनुष्य ‘वी’ म्हणेल. पण ‘तुम्ही आलां नव्हतां ना?’ असें कोणी म्हटलें आणि तो आलेला असला, तर त्याच्या तोंडून ‘सी’च निघेल.

एके काळीं इंग्रजीजवळहि ही सोय होती. सोळाव्या शतकापर्यंत तिच्यांत या कामासाठीं दोन नव्हे, चार शब्द वावरत होते. सरळ प्रश्नास ‘ये’ आणि ‘ने’. नकारार्थी प्रश्नास ‘येस’ आणि ‘नो’. ‘तो येथें आहे का?’ असें विचारलें तर ‘ये’ किंवा ‘ने’. ‘तो येथें नाहीं का?’ असें विचारलें तर ‘येस’, म्हणजे ‘आहे कीं!’, किंवा ‘नो’. आज शाळकरी मुलें ज्या ‘येस’चा अर्थ ‘होय’ एवढाच पाठ करतात, त्याचें त्या काळचें खास काम आपल्या ‘कीं’चें होतें, ही गोष्ट मराठी वाचकास गंमतीची वाटेल.

या चार शब्दांवरून एक प्रसिद्ध वाद झाला. विल्यम टिंडेल यानें बायबलच्या नव्या कराराचें इंग्रजी भाषांतर १५२६ सालीं छापून प्रसिद्ध केलें. त्यांत योहानाच्या शुभवर्तमानांतील एका सरळ, होकारार्थी प्रश्नाच्या उत्तरास त्यानें ‘नो’ हा शब्द घातला. सर टॉमस मोर हा आठव्या हेन्रीचा चॅन्सेलर, मोठा विद्वान, आणि टिंडेलच्या धर्ममतांचा कट्टर विरोधक. टिंडेलच्या खंडनार्थ त्यानें लिहिलेला प्रचंड ग्रंथ १५३२ सालापासून छापला जाऊं लागला. त्यांत पाखंडाचे गंभीर आरोप करतां करतां मोर मध्येंच थांबतो आणि व्याकरणाचा तास घेऊं लागतो. ज्याला ‘ने’ कोठें आणि ‘नो’ कोठें घालावें हें कळत नाहीं त्यानें धर्मग्रंथाच्या भाषांतरास हात घालावा काय, असा त्याचा रोख. मौज अशी कीं, मोरनें दिलेलीं उदाहरणें बरोबर असलीं तरी नियम सांगणारें त्याचें स्वतःचें वाक्यच उलटें पडलें आहे, हें पुढच्या अभ्यासकांच्या ध्यानांत आलें. १५३५ सालीं मोरचा शिरच्छेद झाला आणि १५३६ सालीं टिंडेलला गळा आवळून जाळण्यांत आलें. दोघांचाहि अपराध व्याकरणाचा नव्हता. परंतु इंग्रजी भाषेच्या एवढ्या मोठ्या पंडिताचा जेथें पाय घसरतो, तेथें मॅट्रिकच्या वर्गांतील मुलगा अडखळला तर त्यास छड्या मारण्याचें कारण नाहीं. पुढें ‘ये’ आणि ‘ने’ नित्याच्या बोलण्यांतून हळूहळू निघून गेले आणि चौघांचें काम दोघांच्या अंगावर पडलें. आज इंग्रजी शिकणारास जो त्रास होतो, त्याचें मूळ या शब्दसंकोचांत आहे.

जगांतील इतर भाषा पाहिल्या तर मराठी एकटी पडत नाहीं. जपानी भाषेची रीत मराठी ‘हो’सारखीच विचारणाराच्या म्हणण्याला दुजोरा देणारी आहे. आयरिश व वेल्श या भाषांत तर सरसकट ‘होय’साठीं एक शब्दच नाहीं, तेथें क्रियापद पुन्हां उच्चारून उत्तर देतात. जुन्या लॅटिनमध्येंहि तीच चाल होती. आपल्या खेड्यांतील म्हातारीला ‘आजी, बाजारांतून आलांत का?’ असें विचारलें तर तीहि ‘हो’ न म्हणतां ‘आलें बाबा’ असें म्हणते. ही चाल गांवढळ नाहीं. अतिशय शहाणपणाची आहे, आणि तिचा उपयोग पुढें येणारच आहे.

आतां इंग्रजी बोलणाऱ्यांशीं नाशिककरांचा संबंध कोठें कोठें आला तें पाहूं. नाशिकजवळची देवळालीची लष्करी छावणी एकोणिसाव्या शतकापासूनची. स्वदेशीं परतणारे गोरे शिपाई येथें आगबोटीची वाट पाहात कित्येकदां महिनेच्या महिने पडून राहात. उन्हानें व रिकामपणानें त्यांपैकीं कांहींचीं डोकीं फिरत. आणि त्यावरून देवळालीच्या नांवाचा अपभ्रंश ‘डूलॅली’ हा शब्द ‘वेडा’ या अर्थानें इंग्रजींत शिरला, तो आजहि तेथील बोलण्यांत आहे. त्या छावणीच्या बाजारांतला एखादा सौदा कल्पनेनें सहज उभा करतां येतो. शिपाई विचारतो, ‘हॅवन्ट यू एनी एग्ज?’ दुकानांत अंडीं नाहींत, म्हणून दुकानदार नम्रपणें म्हणतो, ‘येस, साहेब.’ शिपाई पैसे पुढें करतो. दुकानदार हात जोडतो. दुकानदारास तो शिपाई डूलॅली वाटावा आणि शिपायास दुकानदार!

बाजारांतला घोटाळा अंड्यांवर निभावतो. न्यायालयांतला तसा निभावत नाहीं. नाशिक जिल्ह्यांतील निफाड हें न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांचें जन्मस्थान. १८७८ सालीं ते नाशकासच न्यायाधीश म्हणून आले, आणि त्याच सुमारास लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख हेहि येथें न्यायाधीश होते. अशीं दोन्ही भाषांवर प्रभुत्व असलेलीं माणसें न्यायासनावर असलीं म्हणजे साक्षीदाराच्या ‘हो’चा अर्थ न्यायाधीशास बिनचूक समजे. पण अपील पुढें गेलें कीं मराठींत झालेली साक्ष इंग्रजी भाषांतरांत वाचली जाई, आणि तेथें ना साक्षीदाराचा आवाज ना त्याची मान. महाराष्ट्रांतील कनिष्ठ न्यायालयांची भाषा १९९८ सालीं मराठी ठरविण्यांत आली. मुंबई उच्च न्यायालयाचें कामकाज आजहि इंग्रजींत चालतें. म्हणजे भाषांतराचा हा पूल प्रत्येक मराठी साक्षीला केव्हां ना केव्हां ओलांडावा लागण्याचा संभव आहे.

समजा, उलटतपासणींत वकिलानें विचारलें, ‘त्या रात्रीं तुम्ही आरोपीला पाहिलें नाहीं ना?’ आणि साक्षीदारानें ‘होय’ म्हटलें. मराठी कानास याचा अर्थ, पाहिलें नाहीं. भाषांतरकारानें शब्दाला शब्द ठेवून प्रश्न इंग्रजींत केला, ‘यू डिड नॉट सी द अक्यूज्ड दॅट नाइट, डिड यू?’ आणि उत्तर लिहिलें, ‘येस.’ इंग्रजी वाचणाराच्या दृष्टीनें याचा अर्थ, पाहिलें. एक शब्दहि चुकीचा नाहीं, आणि साक्ष मात्र उलटी झाली. अपेक्षित उत्तर सुचविणाऱ्या अशा प्रश्नास कायद्यांत सूचक प्रश्न म्हणतात. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमांत त्याची व्याख्या होती, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागीं आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमांतहि ती आहे. सरतपासणींत, विरुद्ध पक्षानें हरकत घेतल्यास, असा प्रश्न न्यायालयाच्या परवानगीशिवाय विचारतां येत नाहीं. उलटतपासणींत विचारतां येतो. इंग्रजी शेपटीचा प्रश्न म्हणजे तर सूचक प्रश्नाचा राजाच.

आपल्या न्यायालयांनीं मात्र या दुखण्यावर एक उपाय आपोआप शोधून काढला आहे. मराठी साक्षीच्या कागदांत ‘हो’, ‘नाहीं’ अशीं एकाक्षरी उत्तरें लिहिण्याऐवजीं सबंध वाक्य लिहितात : ‘मी त्या वेळीं तेथें नव्हतों हें म्हणणें खरें नाहीं.’ ‘मी खोटी साक्ष देत आहें हें म्हणणें खरें नाहीं.’ भाषेच्या रसिकांस हीं वाक्यें रुक्ष आणि ओबडधोबड वाटतात, आणि त्यांची थट्टाहि होते. पण नकारावर नकार चढवूनहि अर्थ एका बाजूसच उभा राहील अशी ही रचना आहे, आणि ती थट्टेपेक्षां आदरास अधिक पात्र आहे.

इंग्रजी बोलतांना हाच उपाय थोडक्यांत करावयाचा. ‘येस’ किंवा ‘नो’ एकट्यानें बाहेर सोडावयाचे नाहींत. त्यांच्यामागें छोटें क्रियापद धाडावयाचें. ‘येस, आय डिड.’ ‘नो, आय डिडन्ट.’ ‘येस, आय ॲम.’ ‘नो, आयॅम नॉट.’ किंबहुना खेड्यांतल्या आजीप्रमाणें आधीं मनाशीं क्रियापद ठरवावें, पाहिलें कीं नाहीं पाहिलें, आणि मग त्याला जुळणारा शब्द पुढें जोडावा. गडबडीच्या वेळीं ‘येस-नो’ अजिबात गाळून ‘आय ॲम ॲलर्जिक टु पेनिसिलिन’ असें सरळ वाक्य बोलावें. यानें बोलणाराची ऐट थोडी कमी होईल. औषध बरोबर मिळेल.

आतां शेपटीच्या प्रश्नांविषयीं. ज्यांनीं तर्खडकरांची भाषांतरपाठमाला गिरवली त्यांस इंग्रजी वाक्याचीं हाडें ओळखतां येतात. शेपटीसाठीं तीच ओळख लागते. वाक्यांतलें साहाय्यक क्रियापद उचलावयाचें, कर्त्याचें सर्वनाम करावयाचें, आणि वाक्य होकारार्थी असेल तर शेपूट नकारार्थी, वाक्य नकारार्थी असेल तर शेपूट होकारार्थी. ‘द गोदावरी राइजेस निअर त्र्यंबकेश्वर, डझन्ट इट?’ ‘यू वर नॉट इन नाशिक ड्यूरिंग द सिंहस्थ, वर यू?’ एवढें बहुतेकांस येतें. चुका होतात त्या आडवळणीं. ‘हार्डली’, ‘सेल्डम’, ‘नेव्हर’ हे शब्द वरून साधे दिसले तरी पोटांत नकार बाळगतात, म्हणून ‘ही हार्डली स्पीक्स, डझ ही?’. ‘नोबडी’ला तर शेपटींत अनेकवचन : ‘नोबडी कॉल्ड, डिड दे?’. ‘हीज लेफ्ट’ आणि ‘हीज इल’ या दोन वाक्यांच्या तोंडीं एकच आवाज. पण पहिल्यांत ‘हॅज’ लपलेला आहे आणि दुसऱ्यांत ‘इज’, म्हणून पहिल्याची शेपटी ‘हॅझन्ट ही?’ आणि दुसऱ्याची ‘इझन्ट ही?’. ‘लेट्स गो’ला ‘शॅल वी?’. आणि ‘आय ॲम लेट’ला ‘आरन्ट आय?’, जेथें व्याकरणाच्या सगळ्या हिशेबानें ‘आर’ येण्याचें कांहीं एक कारण नाहीं. तें येतें, एवढेंच खरें.

होकारार्थी वाक्याला होकारार्थीच शेपूट लावण्याचाहि एक प्रकार आहे, आणि पुस्तकांतून त्याची बहुधा दखल घेतली जात नाहीं. ‘सो यू हॅव पास्ड, हॅव यू?’ हा प्रश्न नव्हे. ऐकलेली बातमी ओठांवर घोळवून पाहाणें आहे, कधीं कौतुकानें, कधीं खोंचकपणें. मराठींत याला अगदीं जोडीचा शब्द आहे : ‘पास झालास होय?’ तेथें ‘पास झालास ना?’ म्हटलें तर अर्थ बदलतो. ‘ना’ आणि ‘होय’ यांतला हा फरक ज्या मुलाला ऐकतां येतो त्याला इंग्रजी शेपटीचे दोन प्रकार समजावून देण्यास पांच मिनिटेंहि लागूं नयेत.

शेपटीचा सूर हा नभोवाणीच्या श्रोत्यांस अधिक सहज कळेल असा भाग आहे. शेवटीं आवाज खालीं उतरला तर बोलणारास खात्री असते, त्यास फक्त मान हवी असते. आवाज वर चढला तर तो खरोखर विचारीत असतो. मराठी ‘ना’चेंहि तसेंच. ‘उद्यां येणार ना’ हें खालच्या सुरांत म्हटलें तर ठरलेल्या गोष्टीची आठवण. वरच्या सुरांत म्हटलें तर शंका. म्हणून हीं वाक्यें नुसतीं डोळ्यांनीं वाचून शिकतां येत नाहींत.

या सर्व कटकटीला कंटाळून आपल्या लोकांनीं एकच शेपटी सगळ्या वाक्यांना लावण्याचा सोपा मार्ग काढला : ‘यू आर कमिंग, इझन्ट इट?’ ‘ही वेन्ट येस्टरडे, इझन्ट इट?’ यावर विद्वान मंडळी फार हंसतात. परंतु हंसण्यापूर्वीं एवढें पाहावें कीं, फ्रेंचांचें ‘नेस पा’ आणि जर्मनांचें ‘निश्त वार’ कोणत्याहि वाक्यामागें न बदलतां लागतात. आपलें ‘नाहीं का’ तसेंच. वाक्यागणिक शेपटी बदलणारी इंग्रजीच या बाबतींत नवलाची. वेल्स प्रांतांतील इंग्रजींत ‘इझन्ट इट’ सरसकट ऐकूं येतें, आणि लंडनच्या तरुण मुलांनीं त्याचें ‘इनिट’ करून तें कोणत्याहि वाक्यास बांधलें आहे. ‘यू आर कमिंग, नो?’ यांतला ‘नो’ तर आपला ‘ना’च, टोपी घालून आलेला. आपसांत बोलतांना यांत पाप नाहीं. अर्जांत, परीक्षेंत आणि परक्याशीं बोलतांना मात्र भाषेचे नियम पाळावे. पाहुणा म्हणून गेल्यावर घरधन्याच्या रीतीनें बसावें, तसें.

राहतां राहिले ते आकारानें नकारार्थी परंतु प्रश्नच नसलेले प्रश्न. ‘व्हाय डोन्ट यू टेक द पंचवटी एक्सप्रेस?’ असें मुंबईस जाणाऱ्यास कोणी म्हटलें तर तो कारण विचारीत नसतो, सल्ला देत असतो. त्यास आपल्या न जाण्याचीं कारणें सांगत बसूं नये. ‘वुड यू माइंड ओपनिंग द विंडो?’ यास ‘येस’ म्हणणें म्हणजे ‘हो, माझी हरकत आहे’ असें तोंडावर सांगणें. आपल्या ‘हरकत नाहीं ना?’ या प्रश्नास आपणहि ‘नाहीं, नाहीं’ म्हणतों. तेंच येथें आठवावें, ‘नो, नॉट ॲट ऑल’ म्हणावें आणि उठून खिडकी उघडावी.

सर्वांत अधिक नुकसान होतें तें ‘वोन्ट यू हॅव सम टी?’ या आमंत्रणांत. नाशिकच्या घरीं पाहुण्यास ‘चहा घेणार नाहीं का?’ असें विचारलें कीं तो ‘नको, नको, आत्तांच झाला’ म्हणतो. घरची बाई तें ऐकून न ऐकल्यासारखें करते आणि आधण ठेवते. दुसऱ्यांदा ‘अर्धा कप?’, तिसऱ्यांदा ‘बरें, अगदीं थोडा,’ आणि शेवटीं कप भरून येतो. येथें पहिला नकार हा नकार नसून शिष्टाचाराची पहिली पायरी आहे, हें दोन्ही पक्षांस ठाऊक असतें. इंग्रजाच्या घरीं हीच पायरी ‘नो, नो, थँक यू’ म्हणून चढणारा पाहुणा तेथेंच उभा राहतो. घरधनी ‘ऑल राइट’ म्हणतो, किटली बाजूस ठेवतो आणि हवापाण्याच्या गोष्टी काढतो. दुसऱ्यांदा कोणी विचारीत नाहीं. ज्यास चहा हवा आहे त्यानें पहिल्याच वेळीं ‘येस, प्लीज’ म्हणावें, आणि साखर किती तेंहि त्याच दमांत सांगावें.